अडकित्त्याने कापलेली शंभराची नोट

"आधी उजेडात धर, मंग बोल."

शालीकराम येळे हे वाक्य नोटेसाठीच म्हणत असत असं नाही. वांगं विकत घेताना म्हणत, सोयरीक जमवताना म्हणत, गावात कुणाबद्दल काही उठलं तरी म्हणत. त्यांची बायको रुख्मा या वाक्याला इतकी कंटाळली होती, की चुलीवर भाजी लागली म्हणजे तीच आधी ओरडायची, "या जी, धरा उजेडात! तुमचं धरून होईपरेंत वांगे जळून गेले."

"जळले तं जळले. कीड तं नाही ना खाल्ली?"

"मले पाह्याले आलते तेव्हा काऊन नाही धरलं उजेडात?"

"तुह्या बापानं दिवे लागल्यावर देखवली तुले. म्हूनच तं फसलो."

यावर रुख्मा पदर तोंडाला लावून हसायची आणि त्यांच्या ताटात जास्तीचा भात वाढायची. त्या घरचं भांडण एवढंच असे.

आमच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात, बैलांचा बाजार जिथे संपतो आणि तांदळाच्या गोण्या जिथे सुरू होतात, तिथे करंजीचं एक झाड होतं. त्याच्या सावलीत नव्हे, सावलीच्या काठावर शालीकराम बसत. पाठ झाडाला, तोंड उन्हाला. अंगात खाकी कोट. तो कोट गोंदियाच्या खजिन्यातला, पितळी गुंड्यांचा. उमेदीची सारी वर्षं त्यांनी तिथे पहाऱ्यावर काढली होती आणि नोकरी सुटल्यावरही गुंड्या चिंचेने घासायचं सोडलं नव्हतं. समोर एक गुळगुळीत काळा दगड. रुपया आला की दगडावर टाकायचा आणि मान तिरपी करून ऐकायचा. नोट आली की दोन्ही हातांनी सूर्यासमोर धरायची. रुपया पारखायला मूठभर तांदूळ, नोटेला पसाभर. आभाळ भरून आलं असेल तर नोट हातातही घेत नसत. "आज सरकार बंद हाय," म्हणत आणि घोंगडी पांघरून झोपत. श्रावणात तर त्यांची दुकानदारी महिनाभर झोपलेलीच असे.

लोक त्यांच्याकडे नोट दाखवायला येत, तसे ऐकायलाही येत. कारण तो काळ मोठा विचित्र होता. आमच्या भागातल्या माणसाला रुपया कळायचा. तो जड, थंड, दगडावर नाचणारा. कागदावर विश्वास ठेवायचा म्हणजे पाण्यावर चालण्यासारखं. त्यात आधी नोटा सरकारच्या होत्या, मग रिझर्व बँक नावाची नवीच कचेरी निघाली आणि तिच्या नोटा आल्या. त्यांच्यावर राजाही नवा. बाया विचारायच्या, "जुना राजा मेला, तं त्याच्या नोटा बी मेल्या का जी?"

"नाही माय. राजा मरते, नोट मरत नाही. नोट बोलीवर जगते. वर लिहिलं हाय, हे घेऊन येईन त्याले एवढे रुपये देईन. ते बोलणं राजाचं नाही, कचेरीचं हाय. आन् कचेरी बोलली तं तिच्या तिजोरीत सोनं-चांदी ठेवून बोलली."

मग ते रंगात येत. नोटा आधी विलायतेहून यायच्या, आता नाशिकला छापतात. लाखेच्या मोहरा लावलेल्या पेट्यांतून आगगाडीने येतात, संगिनींच्या पहाऱ्यात. पेट्या खजिन्यातल्या लोखंडी कोठीत जातात. "आता ऐका," म्हणत आणि बोट वर करत. "कोठीत हाय तोवर तो कागद. साहेबाची सही झाली, कुलूप उघडलं, बाहेर आली, की नोट. तांदूळ कोठीत राह्यला तं भूक भागत नाही, तसं." आणि मळून, फाटून, घामाने भिजून थकलेल्या नोटा परत बँकेकडे जातात. तिथे त्यांना भोकं पाडून जाळतात. हे सांगताना त्यांचा आवाज खाली येई. एखाद्या म्हाताऱ्या बैलाबद्दल बोलावं तसा.

खोट्या नोटेच्या खुणाही ते सांगत. खऱ्या कागदाच्या पोटात खूण असते, ती कागद बनतानाच घातलेली असते. उजेडात धरल्याशिवाय दिसत नाही. खोटं करणारा दोन पातळ कागद चिकटवतो आणि मधे तेलाने खूण काढतो. ओला अंगठा फिरवला की त्याचं पोट सुटतं. "आन् खोट्या नोटा जुळ्या राह्यतात. एकच नंबर चार चार नोटेवर. खरी नोट एकटी. तिच्या नंबराची दुसरी या दुनियेत नाही."

हा नंबर नोटेवर दोनदा असतो, डाव्या अंगाला आणि उजव्या अंगाला. पुढची सारी गोष्ट त्या दोनदाच्या नंबरावर उभी आहे.

गोरेगावपासून कोसभर मोहटोला. तिथे दुलीचंद पटले नावाचे शेतकरी होते. त्यांच्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, तळ्यापासून लांब. पाऊस हुकला की रोपांचे पऱ्हे करपायचे, आणि उन्हाळ्यात त्यांची बायको सावित्रीबाई डोक्यावर हंडा घेऊन तळ्यापर्यंत जायची. दुलीचंदांची एकच इच्छा होती, शेताच्या मधोमध विहीर खणायची. त्यासाठी त्यांनी झाडांवरची लाख विकली, तांदूळ विकला आणि गोंदियाच्या श्यामलाल शेठजींकडून जुन्या राजाची शंभराची एक नोट आणली. ती बांबूच्या पोकळ पोंग्यात घालून आढ्याला टांगली. "ही नोट नाही, विहीर टांगली हाय," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. विहीर आढ्यालाच राहिली आणि एका पावसाळ्यात दुलीचंद गेले.

मुलगे दोन. थोरला बिसराम, धाकटा चुन्नीलाल. वाईट कुणीच नव्हता. पण दोघांच्या चुली वेगळ्या व्हायची वेळ आली होती. कापणी झाल्यावर पंच बसले. आमच्याकडे वाटणी म्हणजे वाटणी. मोहाच्या झाडाच्या फांद्यासुद्धा वाटतात. जात्याची वरची पाळू एकाला गेली, खालची दुसऱ्याला, आणि दोघींच्या दोघी सुना दळायला शेजारी जाऊ लागल्या. अंगणाच्या मधून बांबूची ताटी उभी राहिली. जमिनीच्या हद्दीचा धुरा नेमका त्या जागेवरून गेला, जिथे दुलीचंदांनी विहिरीसाठी खुंटी ठोकली होती.

शेवटी पोंगा उघडला. एक नोट, दोन भाऊ.

नोट मोडून आणायला कुणी जायचं, यावरून तास गेला. एकावर दुसऱ्याचा भरवसा नाही. तेव्हा बिसराम म्हणाला, "शेठजीचा मुनीम नोटा कापते. मी पाह्यलं हाय. कैचीनं बीचोबीच कापते आन् डाकेत टाकते."

"मी बी पाह्यलं," चुन्नीलाल म्हणाला.

दोघांनी पाहिलं होतं ते खरंच होतं. तेव्हा मोठे व्यापारी टपालातल्या चोरीच्या भीतीने नोटेचे दोन तुकडे करत. एक अर्धा आज पाठवायचा, तो पोचल्याची चिठ्ठी आली की दुसरा पाठवायचा. तिकडचा माणूस ते जोडून घ्यायचा. म्हणून तर नंबर दोनदा. पण दोघांनी फक्त कापणं पाहिलं होतं, जोडणं पाहिलं नव्हतं. पंचांनी हिशेब केला, शंभराची अर्धी म्हणजे पन्नास. कात्री घरात नव्हती. सावित्रीबाईच्या चंचीत सुपारीचा अडकित्ता होता. नको नको म्हणत होती ती, पण पंचांपुढे तिचं काय चालणार? कुटकुट करत नोट कापली गेली.

भांडण त्यानंतर पेटलं. बिसरामच्या अर्ध्यावर राजाचं डोकं आलं. चुन्नीलाल म्हणाला, डोक्याचा अर्धा भारी, दादानं मुद्दाम घेतला. बिसराम म्हणाला, तुह्या अर्ध्यावर अक्षरं जास्त हायेत, बोली तिकडे गेली. त्या दिवसापासून दोघे भाऊ बोलेनासे झाले. ताटीच्या अलीकडे एक घर, पलीकडे एक. सावित्रीबाई एक महिना इकडे जेवायची, एक महिना तिकडे, आणि पाणी दोन्हीकडच्या हंड्यांनी तळ्यावरूनच यायचं.

पौषात चुन्नीलाल बाजाराला आला. विहीर खणणारे वडार आले होते. आपल्या हिश्शाच्या बांधीत एकट्यानेच विहीर खणायची असं त्याने ठरवलं होतं. त्याने अर्धी नोट पुढे केली. वडारांचा मुकादम हसला आणि त्याला करंजीकडे घेऊन आला.

शालीकरामांनी तो तुकडा उन्हात धरला. बराच वेळ धरला.

"खरी हाय," ते म्हणाले.

"मी नव्हतो म्हणत?" चुन्नीलाल मुकादमाकडे वळला.

"खरी हाय, पण नोट नाही. बाकीची कोठं गेली?"

"भावाजवळ हाय. त्याचे पन्नास त्याच्याजवळ, माहे पन्नास माह्याजवळ."

"अरे बाप्पा! बैल वाटला असता तं असाच वाटला असता का बे? पुढचे दोन पाय तुले, मागचे भावाले?"

बाजार हसला. चुन्नीलाल लाजला नाही, चिडला. "डोकं त्यानं घेतलं म्हून माही चालून नाही राह्यली! नाही तं चालली असती."

"डोक्याची बी नाही चालत. भावाशी बोल."

"मेलो तरी नाही बोलत," म्हणून तो निघून गेला. पसाभर तांदूळ द्यायचंही विसरला. शालीकरामांनी त्या तुकड्यावरचा नंबर मात्र मनात ठेवला होता.

पुढच्याच बाजाराला बिसराम आला. हाही अर्धा, तोच नंबर. पण त्याच्याजवळ आणखी एक गोष्ट होती.

"टेसनावर एक चष्मेवाला भेटला, शालीकभाऊ. म्हणते, हा अर्धा वीस रुपयाले घेतो. देऊन टाकू का? इथं कोनी घेत नाही, निदान वीस तं येतील."

शालीकरामांनी तुकडा खाली ठेवला. चेहरा पार बदलला त्यांचा.

"तो तुह्या खऱ्या अर्ध्याले खोटा अर्धा चिकटवीन. समजलं का? इकडून पाह्यलं तं खरी, बोट लावलं तं खरी, अर्धी खरीच हाय ना! अशीच एक तुह्या भावाच्या अर्ध्याची करीन. एका नोटेच्या दोन. आन् तुह्या बापाची विहीर तो चष्मेवाला पिऊन जाईन."

 बापाचं नाव निघाल्यावर बिसरामने मान खाली घातली. मग हळूच म्हणाला, "पन्नासात बी विहीर होत नाही म्हणतात वडार."

"पन्नासात अर्धी होते. अर्ध्या विहिरीले पाणी लागत नाही."

"मंग आता?"

शालीकरामांनी कोटाची वरची गुंडी लावली. ती लावली की ते सरकार व्हायचे. "नियम हाय. दोन अर्धे जोडले तं खजिना घेते. पण जोडताना दोघंही धनी हजर पाह्यजेत. खळ एकाच चुलीवरची पाह्यजे. आन् दोघानं आपापल्या बोटानं लावाले पाह्यजे. नाही तं नामंजूर."

"खळीचा बी नियम हाय?"

"हाय."

"छापून आला का?"

"छापला तं लोक वाद घालतात. हा तोंडी हाय."

असा नियम कुठल्याही बँकेने कधी केलेला नाही. मी स्वतः विचारून पाहिलं आहे. पण शालीकराम मोहटोल्याला स्वतः चालत गेले आणि चुन्नीलालला तोच नियम, त्याच शब्दांत, गुंडी लावून सांगून आले.

जोडायचा दिवस आला तर प्रश्न उभा राहिला, खळ कुणाच्या चुलीवर? थोरली सून म्हणाली आमच्या, धाकटी म्हणाली आमच्या. भाऊ एकमेकांकडे न पाहता शालीकरामांकडे पाहत होते. शालीकरामांना हे सुचलं नव्हतं. नियम करणाऱ्याचं असंच होतं.

सावित्रीबाई उठली. तिने अंगणातल्या ताटीचे चार बांबू उपसले आणि बाजूला टाकले. त्या मोकळ्या जागेत तीन दगड मांडले. एका सुनेकडून तांदळाचं पीठ मागितलं, दुसरीकडून विस्तव. उघड्या आभाळाखाली खळ रटरटू लागली. मऊ, पांढरी, भाताच्या वासाची.

दोघे भाऊ समोरासमोर उकिडवे बसले. मागे लावायला शालीकरामांनी पातळ कागदाची पट्टी आणली होती. बिसरामने बोट बुडवलं, चुन्नीलालने बुडवलं. तुकडे जवळ आले, पण चुन्नीलालचा थोडा वर राहिला.

"खाली घे," बिसराम म्हणाला. सगळ्या हिवाळ्यात धाकट्याला उद्देशून तो तेवढंच बोलला होता.

"तूच वर घे ना."

"बरं. घेतो."

नोट जुळली. राजाचं डोकं आणि बोली एका कागदावर आली. उन्हात वाळायला ठेवली, तेव्हा दोन्ही सुना तिच्यावर वारा लागू नये म्हणून पदर धरून उभ्या होत्या.

गोंदियाला बैलगाडीने निघाले. सावित्रीबाई म्हणाली, "माह्या नवऱ्याची विहीर हाय, मी बी येतो." तिला कोण अडवणार?

खजिन्यात भैयाजी पोतदार होते. पोतदार म्हणजे खजिन्यातले नाणी-नोटा तपासणारे. शालीकरामांनी ज्या जुन्या पोतदारांच्या दारावर पहारा दिला, त्यांच्याच गादीवर आता हे बसत. शालीकराम छाती काढून आत गेले. "नंबर जुळते, भैयाजी. मी पाह्यलं हाय."

भैयाजींनी नोट घेतली, उलटली, भिंग लावलं आणि मान हलवली. "शालीकराम, नंबर जुळला पाहिजे हे चोराला माहीत नसतं का? या महिन्यात अशा जोडलेल्या नोटा आल्या. एक अर्धा खरा, दुसऱ्यावर तोच नंबर खुबीने उतरवलेला. हे पाहा, खुणेच्या बरोबर मधून कापलंय. मधून कापलं की अर्धी खूण बनवणं सोपं जातं. कसं सांगू मी, की ही तसलीच नाही?"

चष्मेवाल्याची ही युक्ती शालीकरामांनीच बिसरामला सांगितली होती. पण जोडलेल्या नोटेचा नंबर जुळला की झालं, असंच ते इतकी वर्षं बाजाराला सांगत आले होते. दोघा भावांचे चेहरे उतरले. नोट नामंजूर झाली तर आता अर्धेही हाती राहणार नव्हते. खजिना ती ठेवून घेईल आणि चौकशी लागेल. चुन्नीलाल पुटपुटला, "वीस तं आले असते दादाले."

"चूप बस," बिसराम म्हणाला, पण त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला.

भैयाजी पुन्हा भिंगातून पाहत होते. "कापलंय तरी कशानं? कात्रीची रेघ अशी येत नाही. जागोजागी बारीक दात आहे."

सावित्रीबाईने कमरेची चंची सोडली. सुपारी, चुना, कात बाजूला सारून अडकित्ता काढला आणि मेजावर ठेवला. "यानं. पात्यावर एक खाच हाय जी. सुपारीतला खडा लागलता."

भैयाजींनी अडकित्त्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. एक रद्दी कागद काढला. "कापा बरं, आजी. त्या दिवशी कापली तशी."

म्हातारीने कुटकुट कापला. भैयाजींनी तो कागद नोटेशेजारी ठेवला, खिडकी उघडली आणि दोन्ही उजेडात धरले. प्रत्येक घासाला एक दात. कागदावर तसा, नोटेवर तसा. आणि नोटेच्या डाव्या अंगावर जिथे दात होता, उजव्या अंगावर तिथे तेवढीच खाच, धाग्याला धागा लागलेला.

"एकाच वेळी, एकाच हत्याराने, एकाच नोटेचे तुकडे," भैयाजी म्हणाले. "चोराला हा दात कुठून सापडणार?" त्यांनी साहेबांकडे कागद पाठवला, सही होऊन आली, आणि जुन्या नोटेच्या बदल्यात बँकेच्या कोऱ्या नोटा मेजावर आल्या. "पुन्हा कापू नका म्हणजे झालं."

"आता वाटाले काही राह्यलंच नाही जी," चुन्नीलाल म्हणाला, आणि सगळ्या नोटा त्याने बिसरामच्या हातात दिल्या.

परतताना गाडीत शालीकराम बोटांवर काहीतरी मोजत होते. मग स्वतःशीच हसले. "नंबर, खूण, आन् कापलेली कड," ते म्हणाले. त्यानंतर बाजारात ते तीन खुणा सांगू लागले, आणि तिसरी सांगताना "ही भैयाजीनं शिकवली" असं म्हणायला कधी चुकले नाहीत. रुख्मा म्हणायची, "या वयात शिकले म्हणजे माहा बी नंबर लागन एखाद्या दिवशी."

वैशाखात धुऱ्यावर, दुलीचंदांच्या खुंटीच्या जागी, विहिरीला पाणी लागलं. अर्धं तोंड एका भावाच्या बांधीत, अर्धं दुसऱ्याच्या. शालीकरामांना बोलावणं गेलं. पहिला पोहरा वर आला. दोर दोघांच्या हातात होता. शालीकरामांनी ओंजळ पुढे केली, पाणी घेतलं, आणि सवयीने दोन्ही हात सूर्याकडे उचलले. बोटांमधून थेंब चमकत पडत होते. सगळे त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिले.

"खरं हाय," ते म्हणाले आणि प्याले.

पसाभर तांदूळ बांधून देताना सावित्रीबाईने विचारलं, "तो खळीचा नियम कोन्या किताबात हाय, भाऊ?"

"माह्या," शालीकराम म्हणाले. कोटाची गुंडी सोडली, तांदळाची पुरचुंडी काठीला अडकवली आणि धुऱ्याधुऱ्याने गोरेगावकडे चालू लागले. कोटाच्या पाठीवरच्या पट्ट्याच्या पितळी गुंड्या उन्हात मधूनमधून चमकायच्या. दोघे भाऊ दोर गुंडाळण्यात गुंतले होते, सुना हंडे भरत होत्या. सावित्रीबाई विहिरीच्या काठावर उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून, शेवटची गुंडी मोहाच्या झाडांआड दिसेनाशी होईपर्यंत.